खर्ज हवा, खर्च नको

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या कॉलेजातील विद्यार्थ्यांचे वर्गीकरण करायचे झाले तर कला, वाणिज्य आणि विज्ञान ही जुनी विभागणी आता पुरेशी नाही. ज्यांच्या कानात इअरफोन आहेत ते आणि ज्यांनी ते नुकतेच, सर येताना पाहून, काढले आहेत ते, असे दोनच वर्ग आता उरले आहेत. एस.टी.च्या थांब्यावर, कॅन्टीनच्या बाकांवर, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, जिकडे पाहावे तिकडे कानांतून वायरी लोंबत असतात किंवा कानात बोंडे खोचलेली दिसतात. या दृश्यावर टीका करण्याचे काम आपले गुरुजन मनोभावे करीत असल्यामुळे मी ते करणार नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. जी वस्तू आपण दिवसाचे चार-चार तास कानात घालून हिंडतो, ती आपण निवडतो कशी?

उत्तर सोपे आहे. आपण दुकानात जातो, काउंटरवर दोन्ही हात टेकवतो आणि विचारतो, "बास कसा आहे?" दुकानदार सांगतो, "एकदम भारी." झाली निवड! साधा शर्ट घेताना आपण कापड चिमटीत धरून पाहतो, शिवण तपासतो, उजेडात नेऊन रंग बघतो. कानाच्या बाबतीत मात्र "एकदम भारी" या दोन शब्दांवर आपला विश्वास बसतो.

या लेखात मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, बास आवडणे ही काही हलकी आवड नव्हे. दुसरी, चांगला खोल बास मिळण्यासाठी फार पैसे लागत नाहीत. आणि तिसरी, मोठा आवाज म्हणजे खोल आवाज नव्हे. या दोहोंची गल्लत आपल्याला फार महाग पडणार आहे.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. "तुम्हा मुलांना गाणे नको, नुसती धडधड हवी," असे आपण नेहमी ऐकतो. जणू काही बास ही परक्या देशातून आलेली एखादी साथच आहे! वस्तुतः आपल्या भाषेत बासला जुना आणि देखणा शब्द आहे: खर्ज. षड्जावरूनच आलेला हा शब्द. शास्त्रीय गायक पहाटे उठून खर्जाची साधना करतात, ती काय धडधडीसाठी? भजनाला बसलेला पखवाजी वाद्याच्या डाव्या पुडीवर ओली कणिक थापतो. का? तर पुडी जड व्हावी, सावकाश हलावी आणि तिचा स्वर खाली उतरावा म्हणून. गोंधळातला संबळ, मिरवणुकीतला ढोल, तबल्याच्या जोडीतला डग्गा, ही सगळी खर्जाचीच घराणी आहेत. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० साली. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १९२० मध्ये, त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांविषयी लिहिले होते. पुडीवरच्या शाईमुळे या वाद्यांतून नुसता ठोका न निघता सुरेल स्वर निघतो, हे त्यांनी दाखवले. ज्या विषयाकडे रामन यांना लक्ष द्यावेसे वाटले, तो हलका कसा म्हणावा?

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 'सैराट' घ्या. २०१६ सालच्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी संगीताचा काही भाग अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे, मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला. एवढा खटाटोप करून भरलेला तो भारदस्तपणा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकायचा म्हणजे बासुंदी गाळून नुसते पाणी पिण्यासारखे आहे. तेव्हा चांगला खर्ज मागणारा विद्यार्थी उथळ नाही. उलट, गाण्याचा पाया ऐकू द्या, एवढेच तो म्हणतो.

आता हा खर्ज म्हणजे नेमके काय ते पाहू. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. पण थोडेसे विज्ञान उसने घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. निरोगी तरुण कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने, त्याचे माप. यांपैकी २० ते २५० हा पट्टा ढोबळमानाने बासचा. पण त्यातही दोन मजले आहेत. तळमजला २० ते ६० चा. तेथला आवाज कानाला ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, ती या मजल्यावरची. वरचा मजला १०० ते २५० चा. ढोलकीवरची थाप आणि पुरुषाच्या बोलण्यातला भरदारपणा बराचसा याच मजल्यावर राहतो.

आपली फसगत होते ती येथे. स्वस्तातले पुष्कळ इअरफोन तळमजला दाखवतच नाहीत. ते वरचा मजलाच फुगवून ठेवतात आणि त्यालाच खोल बास म्हणतात. पहिली दोन मिनिटे आपण खूश होतो, कारण काहीतरी धपधप वाजत असते. पण थोड्या वेळाने लक्षात येते की गायकाचा आवाज गोधडीआडून यावा तसा येतो आहे, शब्द कळत नाहीत आणि प्रत्येक गाणे सारखेच वाजते आहे. ज्याला खोल बास म्हणून विकले ते खोल नसतेच. ते सुजलेले असते. सूज आणि बाळसे यांतला फरक आपल्या आयांना पटकन कळतो. आपल्यालाही तो कळला पाहिजे.

मग एवढ्याशा बोंडातून खरा खर्ज निघणे शक्य तरी आहे का? ५० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. म्हणूनच सभागृहात खर्ज भरायला कपाटाएवढे स्पीकर लागतात. पण कानात गोष्ट वेगळी. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. तिचे तोंड नीट बंद केले की आत उरणारी हवा इतकी थोडी असते की छोटा पडदाही ती सहज दाबू शकतो. तोंड नीट बंद करणे, यातच सगळी किल्ली आहे.

सायकलचा पंप आठवा. त्याचे वायसर झिजलेले असेल तर दांडा सावकाश दाबल्यावर हवा बाजूने निसटते आणि चाकात काही जात नाही. जोरात आणि भरभर मारला तर थोडी तरी जाते. इअरफोनचे तसेच आहे. खर्जाची कंपने सावकाश असतात. रबराची टोपी आणि कान यांच्यात फट राहिली तर सर्वांत आधी खर्ज निसटून जातो. वरचे स्वर मात्र शाबूत राहतात. एकाच कंपनीचा एकच नमुना एकाला "नुसता पत्र्यासारखा" वाटतो आणि दुसऱ्याला "भारी" वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच. दोष इअरफोनमध्ये नसतो, वायसरमध्ये असतो.

म्हणून माझे पहिले सांगणे: खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या असतील तोच इअरफोन घ्यावा, आणि घरी आल्यावर तिन्ही मापे लावून पाहावीत. आपल्यापैकी बहुतेक जण मधल्या मापाची टोपी लावलेली असते तशीच वापरतात आणि बाकीच्या दोन जोड्या खोक्याबरोबर केरात जातात. वास्तविक कोणाचे कान लहान, कोणाचे मोठे. काहींचा तर उजवा आणि डावा कानही सारखा नसतो. दोन कानांत दोन मापांच्या टोप्या घालण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. टोपी बसली की नाही हे ओळखण्याची खूण अशी: गाणे चालू असताना बोंड बोटाने हलकेच आत दाबावे. दाबल्याबरोबर बास वाढला तर टोपी नीट बसलेली नाही. दुसरे माप लावून पाहावे. एवढ्या एका उपायाने हातात असलेल्या जुन्या इअरफोनचाही बास सुधारतो आणि नवा घेण्याची गरजच उरत नाही. खर्ज मिळाला, खर्च टळला!

दुसरे सांगणे खोक्यावरच्या मजकुराविषयी. सोनी 'एक्स्ट्रा बास' म्हणते, जेबीएल 'प्युअर बास' म्हणते, बोट कंपनीने तर 'बासहेड्स' असे मालिकेचे नावच ठेवले आहे. यांतील कोणता माल चांगला आणि कोणता वाईट हे मी सांगत नाही. मुद्दा एवढाच की जे विशेषण सगळेच लावतात त्यावरून निवड करता येत नाही. बाजारातल्या प्रत्येक पाटीवर आंबे 'गोड' च असतात. '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' हा आकडा तर जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो, हे सोबत सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. पडद्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोठ्या अक्षरांत दिलेला असतो. पण मोठा पडदा म्हणजे खोल बास, असे समीकरण नाही. कानाचे तोंड नीट बंद झाले असेल तर लहान पडदाही खाली उतरतो. पडदा कशाचा आहे, मागची पोकळी किती आहे, हवेला वाट कोठे ठेवली आहे, यावर सगळे ठरते आणि यातले काहीच खोक्यावर नसते. पाहण्यासारखा आकडा एकच, ओहमचा. तो १६ किंवा ३२ च्या आसपास असला म्हणजे साध्या मोबाइलवर इअरफोन पुरेशा जोराने वाजतो.

तेव्हा खोके वाचण्यापेक्षा कान वापरावेत. इअरफोन विकत घेण्यापूर्वी मित्राचा मागून ऐकावा. टोप्या मात्र आपल्या लावाव्यात किंवा त्याच्या पुसून घ्याव्यात. ऐकताना तीन गाणी ठरलेली ठेवावीत. पहिले, तबल्याची साथ असलेले. वादक मनगटाने दाब देऊन डग्ग्याचा स्वर वरखाली सरकवतो. तो घुमारा सरकताना स्पष्ट कळला पाहिजे, नुसता 'धप्' ऐकू येता कामा नये. दुसरे, ज्यात मोठा वाद्यवृंद आणि गाणारा आवाज एकत्र आहे असे. वाद्ये कितीही गर्जली तरी शब्द न् शब्द कळला पाहिजे. तिसरे, आपले अत्यंत आवडते आणि शंभरदा ऐकलेले. त्यात काही नवे ऐकू आले तर इअरफोन चांगला. आणि ही सगळी परीक्षा बारीक आवाजावर घ्यावी. मोठ्या आवाजात सगळेच इअरफोन शूर असतात.

बारीक आवाजावर बास कमी वाटतो, ही तक्रार खोटी नाही. अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. कानाची घडणच तशी आहे. म्हणजे बास वाढवून मागणे ही चैन नाही, त्याला आधार आहे. परंतु त्यासाठी संपूर्ण आवाजच वाढवणे म्हणजे भाजीत मीठ कमी पडले म्हणून पुन्हा सगळी भाजी शिजवण्यासारखे आहे. मोबाइलमध्ये 'इक्वलायझर' नावाची सोय असते. तिच्यात सर्वांत खालची पट्टी किंचित वर घ्यावी, तिच्या वरची, फुगणारी, थोडी खाली करावी. ही सोय फुकट आहे, म्हणूनच कदाचित तिच्याकडे कोणी पाहत नाही.

वायरचा घ्यावा की बिनवायरचा, हा वाद आपल्या वसतिगृहात रात्री बारापर्यंत चालतो. माझे मत वायरच्या बाजूने आहे. कारण हिशेबी आहे. बिनवायरच्या जोडीत त्याच किमतीत बॅटरी, रेडिओ आणि डबी बसवावी लागते. मग ध्वनीसाठी उरते काय? शिवाय बॅटरी काही वर्षांत मंदावते आणि ती बदलता येत नसल्यामुळे सगळी जोडीच टाकावी लागते. डावे बोंड हरवले की उजवे विधुर! वायर तुटते हे खरे. पण थोडे अधिक पैसे घातले तर वायर वेगळी काढता येणारे इअरफोन मिळतात; वायर तुटली तर फक्त वायर घ्यायची. ज्यांच्या मोबाइलला इअरफोनचे भोक नाही त्यांनी टाइप-सी पिनचा घ्यावा किंवा मधला जोड घ्यावा. धावताना, व्यायाम करताना बिनवायरचा सोयीचा, हे मला मान्य आहे. परंतु आपल्यापैकी कितीजण धावतात? एस.टी. पकडताना धावतो तेवढेच.

पैशाविषयी स्पष्ट बोलायला हवे. पाचशे रुपये हा आकडा काहींना किरकोळ वाटेल. काही घरांत ती एका माणसाची दिवसभराची मजुरी असते. माझ्या घरात ती तशी आहे. कॉलेजात पाऊल ठेवणारा घरातला मी पहिलाच. म्हणून इअरफोनवर मी किती खर्चावे हा प्रश्न मला नुसत्या आवडीचा वाटत नाही. आणि म्हणूनच माझ्यासारख्यांना दोन्ही बाजूंनी फसवले जाते, याची मला चीड येते. एका बाजूला फूटपाथवर दीडशे रुपयांत नामांकित कंपनीचे नाव छापलेली नक्कल मिळते. ती दोन महिन्यांत एका कानाने बहिरी होते. वर्षातून चार घेतल्या की सहाशे रुपये गेले. दुसऱ्या बाजूला पाच हजारांची जोडी कानात घालून कोणी वर्गात आला की आपल्या कानातली वायर आपल्यालाच जुनाट वाटू लागते. या दोहोंच्या मध्ये, पाचशे ते पंधराशे रुपयांत, हमीपत्रासह आणि पक्क्या पावतीवर, चांगला खर्ज देणारे वायरचे इअरफोन मिळतात. त्याहून अधिक रक्कम बहुधा डबी, दिखावा आणि नाव यांवरच खर्च होते. गरिबाने स्वस्त घ्यावे असे मी म्हणत नाही. गरिबाने पारखून घ्यावे असे म्हणतो, कारण चूक परवडण्याची चैन त्याच्याजवळ नसते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोठा आवाज म्हणजे बास, हे आपल्याला कोणी शिकवले? माझ्या मते मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती मिरवणुकीत किती पाळली जाते हे खिडक्यांच्या तावदानांना विचारावे. लहानपणापासून छातीत धडका घेत वाढलेल्या पिढीला कानातही तीच धडक हवीशी वाटते. त्यात एस.टी.चा प्रवास. इंजिनाची घरघर ही मुख्यतः खालच्याच स्वरांची असते. ती गाण्यातला खर्ज गिळून टाकते. मग आपण आवाज वाढवतो, आणखी वाढवतो. उपाय पुन्हा तोच: टोपी नीट बसली की बाहेरचा गोंगाट आपोआप अडतो आणि निम्म्या आवाजात गाणे ऐकू येते.

जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यातून ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ डेसिबलला फक्त अडीच तास, तेही साऱ्या आठवड्यात मिळून! आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली तर इअरफोन ९२ च्याही पुढे सहज जातो. कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने बहुधा आधी बधिर होतो तो खर्जाचा भाग नव्हे, तर ४,००० हर्ट्झच्या आसपासचा वरचा भाग. स, श, फ ही व्यंजने ओळखायला लागणारे बारीक ध्वनी त्याच बाजूला असतात. म्हणजे बासच्या नादात आपण बास गमावत नाही, शब्द गमावतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने, ज्याची सारी मिळकत शब्दांची, हा व्यवहार करावा काय?

काही मित्र म्हणतील, "अरे, पाचशे रुपयांच्या वस्तूवर एवढा मोठा लेख?" त्यांना माझे उत्तर असे: वस्तू पाचशेची असली तरी ती ज्याच्यात घालायची तो कान बाजारात मिळत नाही. आणि गुरुजनांपैकी कोणी म्हणतील, "हे सारे टाळायचे तर इअरफोनच वापरू नका." हेही मला पटत नाही. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघे राहतात. एकाला अभंग हवा, दुसऱ्याला रॅप, तिसऱ्याला व्याख्यान आणि चौथ्याला झोप. चौघांचेही समाधान करणारी एवढी लहान वस्तू दुसरी नाही. रस्त्यावरून चालताना आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना मात्र ती खिशातच हवी. तेथे ऐकण्यासारखी गोष्ट वेगळी असते.

एक सूचना करून थांबतो. वर्षारंभी आपल्याकडे ग्रंथप्रदर्शन भरते, तसे एक दिवस संगीत मंडळ आणि पदार्थविज्ञान विभाग यांनी मिळून 'श्रवण दिन' भरवावा. विद्यार्थ्यांनी आपापले इअरफोन आणावेत, एकमेकांचे ऐकून पाहावेत, टोप्यांची मापे बदलून पाहावीत. विज्ञानाच्या मुलांनी १०० हर्ट्झपासून खाली खाली उतरणारा स्वर वाजवावा आणि कोणाचा इअरफोन कोठे गप्प होतो ते फळ्यावर लिहावे. संगीताच्या मुलांनी शेजारी खरा पखवाज, खरा संबळ वाजवावा, म्हणजे नक्कल कशाची चालली आहे तेही कळेल. खर्च काहीच नाही. खर्ज मात्र भरपूर मिळेल.